वणीच्या गडावर चैत्रात जावे

साडेतीन शक्तिपीठांतले अर्धे पीठ म्हणजे वणीची सप्तशृंगी. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही पूर्ण पीठे. पण नाशिक-खान्देशच्या माणसाला हा हिशेब विचारू नये, त्याच्या लेखी पहिली देवी हीच.

गड कळवण तालुक्यात, नाशिकहून साठ-पासष्ट किलोमीटरवर. पायथ्याच्या नांदुरीपासून घाटरस्ता वर चढतो. पुढे कड्यातल्या देवळापर्यंत पायऱ्या आहेत. त्या बांधणाऱ्या सरसेनापती उमाबाई दाभाडे याच तालुक्यातल्या अभोण्याच्या, ठोके देशमुखांच्या लेक. 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे आणि गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना तिचा मोठाच आधार झाला. पाय धड असतील त्यांनी मात्र पायऱ्याच चढाव्यात.

मूर्ती खडकातच कोरलेली, आठेक फूट उंचीची, अठरा हातांची. तिला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण. मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी स्तवन करतात आणि देवी कान देऊन ऐकते, अशी श्रद्धा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराच्या थरांखाली मूळ रूप झाकले गेले होते. 2022 मध्ये देऊळ काही आठवडे बंद ठेवून ते थर काढले आणि 26 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, भाविकांना दगडातली मूळ रेघ दिसली. जपणुकीचे असे काम आणखी देवळांत व्हायला हवे.

नवरात्रात गर्दी अफाट. तेव्हा खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, वर एसटीनेच जायचे. पण गड समजून घ्यायचा असेल, तर रामनवमी ते पौर्णिमा या चैत्रोत्सवात जावे. खान्देश हे देवीचे माहेर मानतात. त्यामुळे धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसे दर्शनाला येतात ती लेकीच्या घरी आल्यासारखी. ऐन उन्हाळ्यात, मालेगाव, देवळा, कळवणमार्गे, डोक्याला उपरणे बांधून हे पदयात्री चालत असतात. वाटेवरची गावे त्यांना पाणी देतात, जेवू घालतात.

चतुर्दशीच्या मध्यरात्री शिखरावर कीर्तिध्वज लागतो. हा मान दरेगावच्या गवळी पाटलांचा. त्या सुळक्यावर जायला वाट म्हणावी अशी नाही. अंधारात पाटील ध्वज घेऊन कसे चढतात, ते त्या घराण्यालाच ठाऊक. मला या यात्रेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. लाखो माणसांचा सण एका घराने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या जोखमीवर उभा आहे.

कोजागरीचा रंग आणखी वेगळा. कावडीवाले दूरदूरच्या नद्यांचे पाणी खांद्यावरून आणतात आणि त्याने देवीला अभिषेक होतो. त्याच रात्री राज्यभरातून आलेले तृतीयपंथी भक्त गडावर छबिना काढतात. एरवी गावात ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवतात, त्यांची ही हक्काची रात्र. ती पाहायची असेल तर दुपारीच वर पोहोचावे, संध्याकाळनंतर घाटात उभे राहायलाही जागा मिळत नाही.