गाण्यामागची खोली

मालाडच्या बॉम्बे टॉकीज स्टुडिओच्या ‘महल’ या चित्रपटाचं एक गाजलेलं गाणं मुद्रित झालं तेव्हा दुरून जवळ येणारा आवाज दाखवायला यंत्राची सोय नव्हती. मग माइक खोलीच्या मधोमध ठेवला आणि लता मंगेशकर कोपऱ्यातून गात गात, एकेक पाऊल टाकत माइकपाशी आल्या. ही आठवण त्या स्वतः सांगत. साल १९४९. तबकडीवर त्यांचं नावही नव्हतं. पात्राचं, ‘कामिनी’ हे नाव छापलं होतं. पण ती खोली मात्र गाण्यात आली. आजही ऐका, तिची लांबी जाणवते.

जुन्या स्टुडिओंचं भारलेपण म्हणतात, ते मला असं ऐकू येतं. बॉम्बे टॉकीज १९५४ च्या सुमारास बंद पडली, त्या आवारात पुढे छोटे कारखाने आले. खोली गेली, तिचा नाद राहिला.

त्यानंतरची दोन-अडीच दशकं ताडदेवच्या फेमस आणि फिल्म सेंटरची, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओची. सिटिंग, रिहर्सल, मॉनिटर आणि मग टेक. व्हायोलिनचा ताफा, ढोलक, सतार, गायक, सगळे एकाच वेळी. मिनू कात्रकांसारखा ध्वनिमुद्रक कोणाला माइकजवळ, कोणाला मागे बसवायचं हे कानानं ठरवी. शेवटच्या अंतऱ्यात एकाचा हात चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्या काळच्या वाद्यमेळात जो ताण आणि जी एकजूट ऐकू येते, त्यांचं मूळ मला या धाकात दिसतं.

या खोल्यांत गोवा फार मोठा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा आणि त्यांच्यासारखे कितीतरी. स्टाफ नोटेशन वाचणारे हे गोवेकर आणि कानानं शिकलेले ढोलकवाले मांडीला मांडी लावून बसत. अशी संगत दुसरीकडे कुठं जमली असती असं मला वाटत नाही. पडद्यावरच्या नामावलीत मात्र या वादकांना क्वचितच जागा मिळाली.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मल्टिट्रॅक आलं. फोर्टातल्या वेस्टर्न आउटडोअरसारख्या स्टुडिओत वाद्यं वेगवेगळी घेता येऊ लागली. नंतर सिंथेसायझर, संगणक. नव्या पद्धतीनंही उत्तम गाणी झालीच, पण शंभर माणसांनी एकत्र श्वास घेणं संपलं.

ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकानं मुंबईच्या वादकांना भेटून, बोलतं करून २००८ साली इंग्रजीत पुस्तक काढलं. मराठीत आणि कोकणीत हे काम अजून भरपूर व्हायला हवं. तुमच्या घरात, चाळीत, वाड्यावर त्या वेळचा एखादा वादक असेल तर त्याच्यासमोर जुनं गाणं लावा. तो कुठं बसला होता, शेजारी कोण होतं, किती टेक झाले, हे विचारा आणि लिहून ठेवा. १९६५ साली विशीत असलेला व्हायोलिनवादक आज ऐंशीच्या घरात आहे.