उमेदीची मशागत

शेतकऱ्याच्या घरी प्रत्येक वस्तूची निगा राखली जाते. नांगराचा फाळ बोथट झाला तर लोहाराकडून पाजवून आणतात. मोटारीचा आवाज बदलला की लगेच मेकॅनिककडे निरोप जातो. बैलाने एक वेळ वैरण टाकली तरी घरातल्या सर्वांच्या ते ध्यानात येते. परंतु ज्याच्या जिवावर हा सारा पसारा चालतो, त्या माणसाने चार दिवस नीट जेवण केले नाही, रात्र रात्र झोप घेतली नाही, तर ‘काळजी आहे, होईल कमी’ एवढ्यावर विषय संपतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, शेती टिकवायची असेल तर ही रीत बदलली पाहिजे.

काही माणसे जन्मतःच खंबीर असतात आणि काही कच्च्या दिलाची, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाही. एकाच शिवारातल्या दोन जमिनी पाहा. पावसाने पंधरा दिवस ताण दिला की एका रानातले पीक माना टाकते, तर बांधापलीकडचे तग धरून राहते. दुसऱ्या रानात वर्षानुवर्षे शेणखत, पालापाचोळा, हिरवळीचे खत गेलेले असते. सेंद्रिय कर्ब वाढला की जमीन ओल धरते. मनाचेही तसेच आहे. संकट आल्यावर धीर एकाएकी सापडत नाही. तो आधीपासून थोडा थोडा साठवावा लागतो.

हातातले काम आधी

पाऊस कधी पडेल आणि बाजारभाव काय निघेल, हे आपल्या हाती नाही. रात्रभर त्याचाच विचार केला तर डोके शिणते आणि सकाळी हातही चालत नाहीत. एक साधी वही घ्यावी. पानाच्या एका बाजूला हाताबाहेरच्या गोष्टी लिहाव्यात, दुसऱ्या बाजूला आज करता येतील त्या. नुकसानीची माहिती महसूल व कृषी कर्मचाऱ्यांना देऊन पंचनाम्यासाठी अर्ज करणे, बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करणे, घरचे बियाणे तपासणे, ही दुसऱ्या बाजूची कामे होत.

बियाण्याचेच घ्या. सोयाबीनच्या 100 बिया ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करावी आणि पाणी शिंपडून ती ओलसर ठेवावी. सहा-सात दिवसांनी मोड मोजावेत. 70 किंवा त्याहून अधिक चांगले मोड आले तर बियाणे पेरणीस योग्य समजावे. या कामाला पैसा लागत नाही, आणि आठवड्यात निकाल डोळ्यांना दिसतो. हंगाम बुडालेल्या माणसाला असेच एखादे लहान, हमखास तडीस जाणारे काम पुन्हा उभे करते.

थकवा म्हणजे आळस नव्हे

अनेक गावांत सोमवारी किंवा अमावास्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. जनावराला विश्रांती हवी हे आपल्या वाडवडिलांनी जाणले होते. मात्र घरधनिणीला अशी सुटी कोणत्या वारी मिळते? पहाटेची चूल, दिवसभराची खुरपणी आणि रात्रीची भांडी तिच्यामागे असतातच. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे जिला आपण ‘कामाचा कंटाळा करते’ म्हणतो, तिचे रक्तच कमी असू शकते. आरोग्य उपकेंद्रात तपासणी करून सल्ल्याप्रमाणे लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. बाजरीची भाकरी, हिरवी पालेभाजी, मटकी-हरभऱ्याची उसळ आणि त्यावर लिंबू, असा आहार ठेवावा. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. सायकल कोळपे, दातेरी वैभव विळा यांसारखी साधी अवजारे वापरली तर कंबरेचे आणि हातांचे कष्ट हलके होतात. अंगात त्राण असले तर मनालाही उभारी राहते.

कामात जीव कशाने रमतो?

पैसा लागतोच, त्याशिवाय संसार चालत नाही. पण केवळ पैशाने कामाची गोडी टिकत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंत, आणि जमीन अगदी थोडी. 1983 मध्ये धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या ठेवल्या, पुढील हंगामात वेगळ्या पेरल्या आणि दरवर्षी निवड करीत राहिले. त्यातूनच पुढे ‘एचएमटी’ या नावाने प्रसिद्ध झालेला बारीक तांदूळ आला. त्या वाणाने अनेकांचे उत्पन्न वाढवले. दादाजींच्या पदरात मात्र फारसे काही पडले नाही. तरीही ते थांबले नाहीत. 2018 मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांनी धानाचे आणखी कितीतरी वाण निवडले. त्यांच्यावर अन्याय झाला, हे खरेच. त्याचे गोडवे गाऊ नयेत. पण आपल्या बांधीत रोज नव्याने पाहण्यासारखे काहीतरी आहे, ही जाणीव त्यांना काम करवीत राहिली. आपणही एखादा गुंठा प्रयोगासाठी ठेवावा आणि त्याची नोंद लिहावी. मुलांनाही त्यात घ्यावे.

एकट्याने सोसू नये

1972 च्या दुष्काळात सारे गाव एकाच कामावर खडी फोडत होते. संकट सर्वांचे होते, दुःख बोलायला शेजारी होता. आज बोअर आटते ती एकट्याची, आणि कर्जाची नोटीस येते ती एकाच्याच दारी. माणूस लाजेने पारावर येणे सोडतो. म्हणून सावड, इर्जिक या जुन्या रीती पुन्हा धराव्यात. त्यांतून मजुरी वाचते, आणि दिवसभर चार माणसांत राहिल्याने मनही हलके होते.

घरातला कर्ता अबोल झाला, जेवण टाकू लागला, ‘आता माझा काय उपयोग’ असे बोलू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये. जवळ बसावे, विचारावे, ऐकून घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो. तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. ताप आल्यावर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही, तसा यातही नाही.

गेलेला हंगाम परत येत नाही, पण पुढचा येतो. तो पेरायला घरातली माणसे धडधाकट हवीत. तेव्हा आज संध्याकाळी जनावरांना वैरण घालून झाली की थोडा वेळ घरच्यांसोबत बसावे, आणि प्रत्येकाला एकच विचारावे : ‘तुझे कसे चालले आहे?’