गाडीवर गाडी

'कधीं गाडीवर नाव, तर कधीं नावेवर गाडी' ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु गाडीवर गाडी चढविण्याचा प्रसंग तिच्या कर्त्याच्या स्वप्नींही आला नसेल. इंग्लंड, अमेरिका इत्यादि देशांत सुटीच्या दिवशीं हमरस्त्यानें जातांना असा देखावा वारंवार दृष्टीस पडतो : पुढें एक थोराड, उंच मोटार, तिच्या मागें सपाट पाठीचा एक ट्रेलर, आणि त्या ट्रेलरवर पट्ट्यांनीं जखडून बसविलेली एक ठेंगणी, चपळ, शर्यतीची मोटार. जी स्वतः वाऱ्याशीं पैज मारते तिनें दुसरीच्या आधारानें प्रवास करावा, हें पाहून प्रथम हंसूं येतें. परंतु ह्या साध्या दिसणाऱ्या कामांत आपल्या शाळेंतील भूमितीचा आणि पदार्थविज्ञानाचा इतका उत्तम उपयोग होतो, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्यास इतका मोठा अनर्थ ओढवतो, कीं त्याविषयीं चार शब्द लिहावेत असें आम्हांस वाटलें.

अशा मोटारीस वाहून नेण्याचें कारण उघड आहे. केवळ शर्यतीसाठीं बांधलेल्या पुष्कळ मोटारींस सार्वजनिक रस्त्यावर धांवण्याची परवानगीच नसते. त्यांचे टायर मऊ रबराचे असल्यामुळें लांबच्या प्रवासांत व्यर्थ झिजतात. शिवाय शर्यतींत इंजिन मोडलें, तर घरीं परतावयाचें कशानें, हा प्रश्न आहेच.

आतां ह्या मोटारी इतक्या बुटक्या कां असतात? वेगानें वळण घेतांना मोटारीचा भार बाहेरच्या बाजूच्या चाकांवर कलतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितकें हें कलणें अधिक. म्हणून कारागीर तो शक्य तितका खालीं आणतात. ठेंगण्या गाडीस हवेचा विरोधही कमी होतो. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९६६ पासून १९६९ पर्यंत लागोपाठ चार वर्षें जिंकणाऱ्या फोर्ड जीटी ४० ह्या मोटारीच्या नांवांतील ४० हा आंकडा तिच्या उंचीवरूनच आला आहे. ती उंची सुमारें ४० इंच, म्हणजे एक मीटरच्या किंचित वर. मराठी चौथींतला मुलगा शेजारीं उभा राहिला, तर तो तिच्या टपावरून पलीकडचें सहज पाहूं शकेल!

टप खालीं असल्यानें वाहून नेणाराचें कांहीं अडत नाहीं. अडतें तें पोट खालीं असल्यामुळें. नित्याच्या मोटारीखालीं १५ ते २० सेंटिमीटर मोकळी जागा असते. शर्यतीच्या मोटारीखालीं ती पुष्कळदां १० सेंटिमीटरच असते, कधीं त्याहूनही कमी. आपल्याकडील रस्त्यांवरचे गतिरोधक ओलांडतांना अशी गाडी दोन ठिकाणीं घांसते : आधीं नाक, मग पोट. ट्रेलरवर चढतांनाही हींच दोन संकटें उभीं राहतात.

विद्यार्थिमित्रहो, एक उदाहरण करून पाहूं. ट्रेलरची पाठ जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आहे आणि तिला टेकविलेल्या चढणीच्या फळ्या दीड मीटर लांबीच्या आहेत. हा एक काटकोन त्रिकोण झाला. त्याचा कर्ण १५० व उंची ५०. तेव्हां चढाचा कोन सुमारें साडेएकोणीस अंश होतो. फळ्या ३ मीटरच्या घेतल्यास तो सुमारें साडेनऊ अंशांवर येतो. ५ मीटरच्या घेतल्यास पावणेसहांवर. आतां मोटार पाहूं. पुढचें चाक जमिनीस जेथें टेकतें, तेथून तिचें नाक १ मीटर पुढें आलेलें आहे आणि त्याची खालची कड १० सेंटिमीटर उंच आहे असें धरा. मीटरला १० सेंटिमीटर म्हणजे सुमारें पावणेसहा अंशच. चढ ह्याहून अधिक असला, तर चाक फळीवर येण्यापूर्वीच नाक फळीवर आदळणार. पोटाचें गणित निराळें. पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटरचें अंतर आणि मधोमध पोटाखालीं १० सेंटिमीटर जागा असेल, तर फळी व ट्रेलरची पाठ ह्यांच्या सांध्यावर ती मोटार सुमारें ९ अंशांचाच मोड सहन करील. म्हणजे ३ मीटरच्या फळ्यांवर नाक तर अडतेंच, पण पोटही सांध्यावर घांसतें. ५ मीटरच्या फळ्या घेतल्या तर पोट सुटतें, पण नाक जेमतेम फळीस चाटून जातें.

बरें, फळ्या वाटेल तितक्या लांब करतां येत नाहींत. त्या जड होतात आणि भाराखालीं वांकतात. म्हणून जाणते लोक तीन युक्त्या योजतात. पहिली युक्ति अशी कीं, फळ्यांच्या पायथ्याशीं आणखी लहान, बसक्या लांकडी फळ्या मांडाव्या, म्हणजे चढ एकदम न लागतां दोन टप्प्यांनीं लागतो आणि नाक सुटतें. दुसरी युक्ति ट्रेलरचा पुढील दांडा जॅकनें उचलण्याची. पुढची बाजू वर गेली कीं मागची कड खालीं येते. शिवाय ट्रेलरची पाठ फळ्यांच्याच दिशेनें कलते, त्यामुळें सांध्यावरचा मोडही कमी होतो. एका उपायानें दोन्ही संकटें टळतात! तिसरी युक्ति कारखानदारांची : कांहीं ट्रेलरांची सबंध पाठच बिजागरीवर कलती करतां येते. चढविण्याचें काम पुष्कळदां विंच नांवाच्या रहाटानें, दोर गुंडाळीत, सावकाश केलें जातें. अशा वेळीं ताणलेल्या दोराजवळ किंवा चढत्या मोटारीच्या मागें कोणींही उभें राहूं नये. दोर तुटला तर पळावयास अवसर मिळत नाहीं.

येथपर्यंत भूमिति झाली. आतां तरफेकडे वळूं. ज्या वाचकांनीं बैलगाडी भरतांना पाहिली आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, ओझें फार मागें रचलें तर गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जाऊन बैलांचे गळे आवळतात. तेंच फार पुढें रचलें तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरची गोष्ट अगदीं हीच आहे. त्याचा आंस हा तरफेचा टेकू, आणि ओढणारी मोटार ही बैलांच्या जागीं. मोटार चढूं लागते तेव्हां तिचा भार प्रथम आंसाच्या मागेंच पडतो. त्या वेळीं ट्रेलर मोकळा असेल तर त्याचा दांडा ताडकन् वर उसळतो आणि जवळच्या माणसास जबर दुखापत होते. म्हणून ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीस जोडल्यावांचून आणि त्याच्या मागच्या कडेखालीं टेकू दिल्यावांचून मोटार कधींही चढवूं नये.

वर गेल्यावर ती कोठें उभी करावी? तिचा भार आंसाच्या किंचित पुढें येईल अशी. अमेरिकेंत एकंदर वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडाच्या आंकड्यावर असावा असा प्रघात आहे. ब्रिटनमध्यें तो ५ ते ७ टक्के सांगतात. ट्रेलर ७०० किलोग्रॅम व मोटार १३०० किलोग्रॅम असेल, तर एकूण २००० किलोग्रॅमपैकीं अमेरिकन रीतीनें २०० ते ३०० आणि ब्रिटिश रीतीनें १०० ते १४० किलोग्रॅम भार पुढें पडावा. मात्र ओढणाऱ्या मोटारीच्या कारखानदारानें घालून दिलेली मर्यादा ओलांडूं नये. पोर्शे ९११ सारख्या मोटारींचें इंजिन मागच्या आंसाच्याही मागें असतें. ती तोंड पुढें करून चढविली तर जड भाग ट्रेलरच्या शेपटाकडे येतो. म्हणून तिला अधिक पुढें तरी न्यावें लागतें किंवा उलट तोंडानें तरी चढवावें लागतें.

हा हिशेब चुकला तर काय होतें, तें वडील मंडळींनींही लक्षांत घ्यावें. भार मागें राहिलेला ट्रेलर सावकाश चालतांना शहाण्यासारखा वागतो. वेग वाढला आणि शेजारून एकादी मोठी मालमोटार वाऱ्याचा झोत सोडीत गेली, कीं तो डावीउजवीकडे हेलकावे खाऊं लागतो. प्रत्येक हेलकावा मागल्याहून मोठा होतो. शेवटीं शेपूट कुत्र्यास हालवूं लागतें. ओढणारी मोटार फरफटते आणि दोन्ही गाड्या उलथून समोरून येणाऱ्या निरपराध माणसांवर जातात. ह्या वेळीं घाबरलेला मनुष्य जोरानें ब्रेक दाबतो, चाक उलटसुलट फिरवतो, किंवा वेग वाढवून ट्रेलर सरळ करूं पाहतो. हे तिन्ही उपाय घातक आहेत. चाक स्थिर धरावें, वेग देणाऱ्या पट्टीवरील पाय हळूहळू उचलावा आणि वेग आपोआप उतरूं द्यावा. ट्रेलरचे ब्रेक हातानें स्वतंत्र लावण्याची सोय असल्यास ते हलकेच लावावे. हेलकावा थांबला म्हणून दोष गेला असें नव्हे. सुरक्षित जागीं थांबून भार नीट केल्यावरच पुढें निघावें.

मोटार जखडण्याचेंही शास्त्र आहे. ठेंगण्या मोटारीच्या पोटाखालीं हात घालून सांगाड्यास पट्टे बांधणें कठीण जातें. शिवाय सांगाडा स्प्रिंगांवर खालींवर होत असल्यामुळें तसे पट्टे प्रवासांत ढिले पडण्याचा संभव असतो. म्हणून चारी टायरांवरून घट्ट पट्टे घेण्याची रीत चांगली. तींत चाकें ट्रेलरला जखडतात आणि वरचें शरीर आपल्या स्प्रिंगांवर मोकळें हालतें. दांतेरी चाक व खिटी असलेल्या रॅचेटनें पट्टे आवळतात. त्यांवर किती भाराचे ते आहेत हें लिहिलेलें असतें, तें वाचल्याशिवाय ते वापरूं नयेत. पहिल्या दहापंधरा किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हां तपासावे, कारण नवा ताण बसतांना ते थोडे सैल होतातच. एक बारीक गोष्ट सांगतों : पुष्कळ ट्रेलरांच्या चाकांवरील पंखे मोटारीच्या दारास आड येतात. आंत बसून मोटार चढविणारानें आपण बाहेर कसें पडणार ह्याचा विचार आधींच करावा, नाहीं तर खिडकींतून अंग चोरीत निघण्याची पाळी येते!

अमेरिकेंत जोडाखालीं दोन सांखळ्या एकमेकींस छेद देऊन लावतात. जोड निसटलाच तर दांडा जमिनीवर न आपटतां त्या झोळींत पडतो. ब्रिटनमध्यें ब्रेक असलेल्या ट्रेलरला एक बारीक तार जोडलेली असते. ट्रेलर सुटतांच ती त्याचे ब्रेक लावते. वेगाचेही निर्बंध आहेत. ब्रिटनमध्यें ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीस मोटरवेवर ताशीं ६० मैल आणि मधें दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० मैल ही कमाल मर्यादा आहे. कॅलिफोर्निया संस्थानांत ती ५५ मैल आहे. मोटरवेवर तीन किंवा अधिक पट्टे असतील, तेथें ब्रिटनमध्यें अगदीं उजवीकडचा पट्टा अशा मोटारीस वर्ज्य असतो.

कोणी म्हणेल, शर्यतीच्या मोटारींशीं आपला संबंध काय? परंतु गळिताच्या हंगामांत ट्रॅक्टरमागें ऊसानें शीग भरलेल्या ट्रॉल्या आपल्या रस्त्यांवरून रात्रंदिवस जातात, आणि तरफेचा नियम त्यांसही तोच लागू आहे. भार कोठें ठेवला, जोड कसा आहे, दोर आवळले कीं नाहीं, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें निघण्यापूर्वी द्यावयाचीं असतात. वाटेंत तीं देण्यास सवड मिळत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें शेतकरी, यंत्रकार किंवा मोटारचालक होतील, त्यांनीं तरफेचें गणित केवळ परीक्षेपुरतें न ठेवितां गाडी भरतांना स्मरावें. तें अर्ध्या घटकेचें काम आहे, आणि त्यावर आपल्याबरोबर वाटेवरच्या अनोळखी माणसांचेही प्राण अवलंबून असतात.