'बेकिंग बॉक्स' : वर्गणी वसूल होते का?

दरमहा घरपोच येणाऱ्या 'बेकिंग बॉक्स'मध्ये मोजून दिलेला मैदा, साखर, कोको, बेकिंग पावडर आणि कृतीचे पत्रक असते. लोणी, दूध, अंडी हे नाशवंत जिन्नस मात्र बहुधा ग्राहकालाच आणावे लागतात. त्यामुळे केकचा प्रत्यक्ष खर्च बॉक्सच्या किमतीहून अधिक होतो.

मैदा, साखर वाण्याकडेही मिळते. ग्राहक जादा पैसे देतो ते मोजमाप, निवड आणि वेष्टनासाठी. एका केकला बेकिंग पावडर जेमतेम चमचा-दीड चमचा लागते आणि उघडलेल्या डब्यातील उरलेली पावडर दमट हवेत निकामी होत जाते. नवशिक्यांना म्हणूनच मोजकी पुडी सोयीची ठरते. दर आठवड्याला ओव्हन लावणाऱ्यांना मात्र सुटे सामान आणि वजनकाटा स्वस्त पडतो.

खरी मेख वर्गणीत आहे. बॉक्स न उघडताही खात्यातून रक्कम वळती होत राहते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार, कार्ड वा यूपीआयवरून अशी रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना मिळते आणि ती रोखताही येते. मागील महिन्याचा बॉक्स फडताळात तसाच पडून असेल, तर ती सूचना दुर्लक्षू नये.