पदभ्रमण मंडळाची नोंदवही आणि सदस्यांची खासगी माहिती

पावसाळा ओसरू लागला की वसईतील तरुणांची पावले तुंगारेश्वर, कामणदुर्ग, टकमक या डोंगरांकडे वळू लागतात. काही धर्मग्रामांत अशा हौशी मंडळींची छोटी पदभ्रमण मंडळे आहेत. तीस-चाळीस सदस्य, एक अध्यक्ष, एक चिटणीस, एक खजिनदार आणि एक नोंदवही एवढाच त्यांचा संसार असतो. या नोंदवहीत प्रत्येक सदस्याचे नाव, पत्ता, जन्मतारीख, भ्रमणध्वनी क्रमांक, रक्तगट, आजार, चालू औषधे आणि घरच्या माणसाचा क्रमांक लिहिलेला असतो. डोंगरात कोणाचा पाय मोडला वा कोणाला दम्याचा झटका आला, तर ही माहिती जीव वाचवू शकते. तेव्हा ती विचारण्यात काही गैर आहे, असे कोणीही म्हणणार नाही.

प्रश्न पुढे सुरू होतो. आमच्या परिचयाच्या एका मंडळात घडलेली गोष्ट सांगतो. मोहिमेच्या आदल्या रात्री चिटणिसांना कोण-कोण येणार याची खात्री करून घ्यावयाची होती. त्यांनी नोंदवहीच्या पानांची छायाचित्रे काढली आणि व्हॉट्सॲपवरील मंडळाच्या समूहावर टाकली. हेतू सरळ होता, घाईही होती. पण त्याच पानावर एका तरुणीच्या नावापुढे ‘अपस्मार, गोळ्या चालू’ अशी नोंद होती. मोहिमेच्या प्रमुखाला वेळेवर मदत करता यावी म्हणून तिने प्रामाणिकपणे दिलेली ती माहिती आठवडाभरात तिच्या गावात पोहोचली. त्याच सुमारास तिच्या विवाहाची बोलणी सुरू होती. अपस्मार हा लपवावा असा कलंक नव्हे. तो औषधाने बहुधा आटोक्यात राहणारा आजार आहे. परंतु तो कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार तिचा होता. तो तिच्याकडून नकळत काढून घेतला गेला. पुढे छायाचित्र समूहावरून काढण्यात आले, चिटणिसांनी घरी जाऊन क्षमाही मागितली. मात्र तोवर ते किती भ्रमणध्वनींत उतरले होते, हे कोणालाच सांगता आले नाही.

ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या विधिसंहितेतील २२०व्या कलमात, कोणाच्याही सुकीर्तीला अन्यायाने बाधा आणू नये आणि आपले खासगीपण जपण्याच्या कोणाच्याही अधिकाराचा भंग करू नये, असे सांगितले आहे. आपण हे कलम क्वचितच वाचतो. उलट, नोंदी कायम जपून ठेवण्याची सवय मात्र आपल्या अंगवळणी पडली आहे, आणि त्याला कारणही आहे. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या धर्मग्रामात पिढ्यान्‌पिढ्या राखल्या जातात. पण त्याच संहितेचे ५३५वे कलम या वह्या परक्यांच्या हाती पडू नयेत याची दक्षता घेण्याची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंवर टाकते. शिवाय पदभ्रमणाची वही ही काही स्नानसंस्काराची वही नव्हे. मोहीम आटोपली की तिच्यातील बहुतेक मजकुराचे काम संपते.

देशाच्या कायद्यानेही आता याच दिशेने पाऊल टाकले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. माहिती गोळा करणाऱ्यांवरील प्रमुख जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हाव्यात, अशी नियमांत तरतूद आहे. ‘आमचे मंडळ एवढेसे, आम्हांला कसला कायदा?’ असे अनेकांना वाटेल. एखाद्या व्यक्तीने निव्वळ स्वतःच्या वा घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला या कायद्यातून सूट आहे. पण व्यक्तींचा समूह, मग तो नोंदणीकृत असो वा नसो, कायद्याच्या व्याख्येत येतो. कागदावरची वही कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, परंतु तिचे छायाचित्र काढले की तिच्यातील माहिती डिजिटल होते. दंडाच्या मोठ्या रकमांनी मात्र लहान मंडळांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्या कामासाठी माहिती हवी ते सदस्याला आधी सांगावे, त्या कामापुरतीच ती घ्यावी आणि काम संपल्यावर पुसून टाकावी, हा त्याचा गाभा आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगणारी सूचना मराठीतून मिळण्याची सोयही कायद्यात आहे.

आता व्यवहाराकडे वळू. प्रवेशअर्जातील प्रत्येक रकाना ‘हा कशासाठी?’ असे विचारून तपासावा. वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी दिवस आणि महिना पुरतो, जन्मसाल लागत नाही. आधार कार्डाची प्रत तर अनेक मंडळे केवळ सवयीने मागतात. मुक्कामाच्या ठिकाणी ओळखपत्र दाखवावे लागणार असेल, तर ते सदस्याने स्वतःजवळ ठेवावे. प्रत द्यावीच लागली, तर पहिले आठ अंक झाकलेली द्यावी.

आजाराची माहिती मात्र मागायलाच हवी, आणि सदस्यांनीही ती लपवू नये. दमा, मधुमेह, अपस्मार, मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी यांविषयी प्रमुखाला माहीत नसेल, तर डोंगरात अनर्थ ओढवू शकतो. म्हणूनच ती नोंदवहीत न लिहिता, ज्याच्या-त्याच्या बंद पाकिटात प्रमुखाकडे द्यावी आणि खाली उतरल्यावर पाकीट परत घ्यावे. पाकीट उघडण्याची वेळ आली नाही, तर उत्तमच. घरच्या माणसाचा क्रमांक देताना त्या माणसालाही तसे सांगावे, कारण तो क्रमांक त्याचा आहे. सदस्य १८ वर्षांखालील असेल, तर आई-वडिलांची संमती आधी घ्यावी.

व्हॉट्सॲपच्या समूहात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. काही भगिनींना ते नको असते आणि त्या संकोचाने गप्प राहतात. त्यांच्यासाठी चिटणिसांनी ब्रॉडकास्ट यादी करावी. तीत एकाचा क्रमांक दुसऱ्याला दिसत नाही. चिटणीस बदलल्यावर जुन्या चिटणिसांच्या भ्रमणध्वनीतील याद्या नव्यांच्या समक्ष पुसाव्यात. याचा कुणाला राग येऊ नये म्हणून घटनेतच तसे लिहून ठेवणे बरे.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो आपल्याच माणसांकडून. विमा विकणारा सदस्य यादी मागतो, निवडणुकीला उभा राहिलेला ओळखीचा उमेदवार मागतो, कधी धर्मग्रामातील दुसरी समिती मदतनिधीसाठी मागते. शेवटच्या मागणीला नकार देणे जड जाते. पण सदस्यांनी क्रमांक दिला तो डोंगर चढण्यासाठी. तेव्हा त्या समितीचे निवेदन मंडळानेच सदस्यांना पाठवावे. ज्याला मदत करावीशी वाटेल तो स्वतः संपर्क साधील.

वर उल्लेखिलेल्या मंडळाने आता पाकिटांची पद्धत स्वीकारली आहे. जुन्या वहीतील आजारांची पाने झावळ्यांच्या रविवारनंतर सर्वांसमोर जाळण्यात आली. त्या तरुणीला निरोप धाडला होता. ती आली, पाने जळेपर्यंत उभी राहिली आणि काही न बोलता घरी गेली. पुढील मोहिमेच्या यादीत तिचे नाव नव्हते.