हजार वर्षं गप्प बसणारी भेग

समजा तुमच्या वर्गातला एक मुलगा वर्षातून एकच दिवस शाळेत येतो. फक्त एका आठवड्याचा हजेरीपट पाहून तुम्ही त्याच्याबद्दल काय सांगाल? असा मुलगा वर्गात आहे, हेही कळायचं नाही! लातूरच्या जमिनीखालच्या भेगांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची अडचण अगदी अशीच आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं. गावं गाढ झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली.

नवल म्हणजे, त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता! असं का झालं?

भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. हिमालयाशी टक्कर होते, तिथे भूकंप वरचेवर होतात. आपल्याकडच्या भेगांवर मात्र ताण फार सावकाश साठतो. दोन मोठ्या भूकंपांत हजारो वर्षंही जाऊ शकतात. आणि भारतात भूकंप नोंदवणारं पहिलं केंद्र कोलकात्याजवळ अलीपूरला निघालं १८९८ मध्ये. म्हणजे आपला हजेरीपट जेमतेम सव्वाशे वर्षांचा!

मग जुने भूकंप शोधायचे कसे? भेगेवर आडवा चर खणतात. खालचे मातीचे थर तुटलेले आणि वरचा थर अखंड दिसला, तर समजायचं की भूकंप या दोन थरांच्या मधल्या काळात झाला. थरात कोळशाचा तुकडा सापडला, तर त्यावरून वय काढता येतं.

वाचायला सोपं वाटतं ना? पण किल्लारीला इतका मोठा भूकंप होऊनही जमीन उचलली गेली ती मीटरभरापेक्षा कमी, तीही थोड्याच जागी. त्यातून आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. वरून नांगर फिरतो. एवढीशी खूण टिकणार किती? मूळ भेग तर काळ्या खडकाच्या शेकडो मीटर जाड थरांखाली लपलेली!

तरी शास्त्रज्ञ शोध सोडत नाहीत. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन काळचं तगर नगर. तिथल्या जुन्या थरांत सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा असल्याचं काही भूशास्त्रज्ञांनी मांडलं आहे. म्हणजे किल्लारीचा भूकंप या भागातला पहिलाच नसावा.

२०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोली भागात ४.५ क्षमतेचे धक्के बसले. ते नांदेडलाही जाणवले. यातून मोठा भूकंप येणारच, असा अर्थ काढू नका. तो कधी येईल, हे कुणालाच सांगता येत नाही.

पण 'आपल्याकडे कुठं भूकंप होतो?' असं कुणी म्हणालं, तर त्यांना ही हजेरीपटाची गोष्ट जरूर सांगा. घर बांधायचं असेल, तर ते भूकंपाला टिकेल असं बांधायला आईबाबांना सांगा. आणि वर्गात धक्का जाणवला, तर बाकाखाली शिरून डोकं झाकायचं. आजच एकदा करून पाहणार ना?