शाळा झालेला फुटबॉल क्लब : व्हिएतनामच्या होआंग आन्ह झा लायची गोष्ट



"सर, पोरगा दिवसभर बॉलच्या मागे असतो. खेळात घालू का? आणि नाही जमलं तर पुढे काय?" पालकसभेत हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. पण एका फुटबॉल क्लबने हाच प्रश्न अंगावर घेतला, स्वतःचं नाव आणि पैसा पणाला लावला, आणि पुढे काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. ती गोष्ट आज सांगतो.

क्लब व्हिएतनामचा आहे. नाव होआंग आन्ह झा लाय. ऐकायला अवघड, सोडवलं की सोपं: होआंग आन्ह ही कंपनी आणि झा लाय हा प्रांत. व्हिएतनामचा नकाशा काढा. समुद्राला लागून लांबच लांब चिंचोळा देश दिसेल. त्याच्या मध्याच्या थोडं खाली, कंबोडियाच्या हद्दीला टेकलेलं पठार आहे. लाल माती, कॉफी, मिरी आणि रबराचे मळे, जराई आणि बहनार या आदिवासी लोकांची वस्ती. तिथलं मुख्य शहर प्लेकू. क्लब इथला. राजधानी हनोई खूप दूर, हो ची मिन्ह शहरही काही जवळ नाही. अशा आडगावच्या क्लबचं नाव एके काळी देशातल्या पोराटोरांच्या तोंडी होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्हिएतनाममध्ये बराच काळ फुटबॉल संघ म्हणजे सरकारी खात्यांचे संघ. सैन्याचा, पोलिसांचा, सायगाव बंदराचा. 1980 साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती जिंकली रेल्वेच्या संघाने. आपल्याकडे कबड्डीत रेल्वे, पोलीस असे संघ असतात ना, तसंच. 2000-01 च्या हंगामापासून व्यावसायिक लीग सुरू झाली, तिचं नाव व्ही-लीग. मग खासगी कंपन्या फुटबॉलमध्ये उतरू लागल्या.

त्यातलाच एक माणूस म्हणजे दोआन न्ग्वेन डुक. याची सुरुवात वाचून मला हसू आलं आणि जवळचंही वाटलं. 1990 साली प्लेकूजवळ त्याने छोटा लाकूडकामाचा कारखाना टाकला, आणि तिथे बनायचे शाळेतल्या मुलांचे बाक आणि टेबलं. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत तो स्वतः पुन्हापुन्हा नापास झालेला होता. बाकांवरून फर्निचर, मग बांधकाम, मग रबर असं करत तो देशातल्या बड्या श्रीमंतांत जाऊन बसला. लोक त्याला 'बाऊ डुक' म्हणतात. 'बाऊ' हा शब्द तिकडे मुळात नाटकमंडळीच्या मालकासाठी वापरत, आपल्या फडमालकासारखा. आता तो फुटबॉल क्लबच्या मालकांना चिकटला आहे, आणि शोभतोही.

झा लाय प्रांताचा संघ 1976 पासून होता, पण नाव घ्यावं असा नव्हता. 2001 मध्ये डुकच्या कंपनीने तो हाती घेतला. पुढच्याच वर्षी त्याने थायलंडचा सर्वांत गाजलेला फुटबॉलपटू कियातिसुक सेनामुआंग याला प्लेकूला आणलं. संघ तेव्हा खालच्या श्रेणीत खेळत होता, हे लक्षात घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या गॅदरिंगला सिनेमातला नट यावा तसा प्रकार. पण नट नुसता मिरवून गेला नाही. संघ वर चढला, आणि वरच्या श्रेणीत आल्याबरोबर 2003 मध्ये व्ही-लीग जिंकली. 2004 मध्ये पुन्हा जिंकली.

इथवरची गोष्ट नेहमीची आहे. पैसे ओता, तयार माणसं आणा, करंडक घ्या. पण हा रस्ता सगळ्यांनाच दिसतो. पुढची दोन वर्षं टाइल्सवाल्या कंपनीचा लाँग आन क्लब जिंकला, त्यानंतरची दोन बिन्ह झुओंगने. डुकच्या लक्षात आलं असावं की खरेदीच्या शर्यतीला शेवट नसतो. 2007 साली त्याने वेगळंच काम काढलं. प्लेकूच्या कडेला, हाम रोंगला, मुलांसाठी निवासी फुटबॉल अकादमी सुरू केली.

अकादमीच्या नावात 'आर्सेनल' आणि 'जेएमजी' असे दोन शब्द होते. आर्सेनल म्हणजे लंडनचा क्लब. जेएमजी म्हणजे फ्रान्सचे झाँ-मार्क गियू यांच्या नावाची आद्याक्षरं. गियूंनी 1990 च्या दशकात आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये अशीच अकादमी काढली होती, आणि कोलो आणि याया हे तूरे भाऊ तिथलेच. आर्सेनलचे तेव्हाचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर तरुणपणी फ्रान्समधल्या कान क्लबात याच गियूंच्या हाताखाली काम करत होते. ओळख अशी जुनी.

गियूंच्या पद्धतीत मुलं सुरुवातीला अनवाणी खेळतात. बूट नाहीत. बॉल पायावर, मांडीवर, डोक्यावर उडवत ठेवायचा, खाली पडू द्यायचा नाही, आणि त्याच्या पायऱ्या ओलांडत पुढे जायचं. बॉलचा स्पर्श आधी, ताकद नंतर. निवडतानाही उंची-वजन हा पहिला निकष नसतो. आपल्याकडे शाळेचा संघ निवडताना पहिली नजर कुणावर जाते ते आठवा. दांडग्या पोरावर. मीही तेच केलेलं आहे.

निवडचाचणीला देशभरातून हजारो मुलं आली, आणि पहिल्या तुकडीत जेमतेम एका छोट्या वर्गाइतकी घेतली. त्यात न्घे आन प्रांतातल्या खेड्यातला कोंग फुओंग होता. अंगकाठी लहान म्हणून त्याच्या स्वतःच्या प्रांतातल्या नावाजलेल्या क्लबने त्याला घेतलं नव्हतं. उत्तरेच्या डोंगराळ तुयेन क्वांगमधून सुआन चुओंग आला, थाय बिन्हमधून तुआन आन्ह, हाय झुओंगमधून वान तोआन. बारा वर्षांच्या आसपासची ही मुलं घरापासून शेकडो मैलांवर राहायला आली. बारा वर्षांचं लेकरू सात वर्षांसाठी दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या आयांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडे क्रीडा प्रबोधिनीत किंवा नवोदयला मूल सोडून आलेल्या पालकांना हे वेगळं सांगायला नको.

अकादमीत शालेय अभ्यास होता, इंग्रजी होतं. प्रशिक्षक होते फ्रान्सचे गियोम ग्रेशेन. पैकीच्या पैकी मुलं मोठे खेळाडू होणार नाहीत हे उघडच होतं, म्हणून शिक्षण सोडायचं नाही असं धोरण होतं. पुढे सुआन चुओंग परदेशी पत्रकारांशी इंग्रजीत बोलायला लागला तेव्हा तिकडच्या लोकांना त्याच्या पासइतकंच त्याचंही कौतुक वाटलं.

2013 मध्ये ही मुलं 19 वर्षांखालच्या राष्ट्रीय संघात आली, आणि आशियाई पात्रता सामन्यात ऑस्ट्रेलियाला 5-1 हरवलं. तोवर व्हिएतनामचे प्रेक्षक आपल्या लीगला विटले होते. सामने विकले जातात, मैदानात मारामाऱ्या होतात, अशी बोलणी होती. त्यात ही पोरं छान, स्वच्छ, छोट्या छोट्या पासचा खेळ करायला लागली. मैदानं भरली. लोक वेडे झाले म्हणा ना.

आणि इथे, माझ्या मते, मालकाची चूक झाली. 2015 च्या हंगामासाठी त्याने मुख्य संघातली जुनीजाणती माणसं मोठ्या प्रमाणात बाजूला केली आणि अकादमीची तुकडीच्या तुकडी व्ही-लीगमध्ये उतरवली. एकोणीस-वीस वर्षांची मुलं समोर, आणि सांभाळून घ्यायला ज्येष्ठ जवळपास कुणी नाही. पहिला सामना प्लेकूला झाला, खान्ह होआला 4-2 हरवलं. सगळ्यांना वाटलं, जिंकलंच आता! मग दमदार, धसमुसळ्या बापय गड्यांशी गाठ पडत गेली. हंगाम संपला तेव्हा 14 संघांत क्लब 13 वा होता. एकच पायरी खाली घसरला असता तर श्रेणीतून बाहेर.

पालकांनी हा भाग जरा सावकाश वाचावा. मुलं तीच, गुण तेच. दोन वर्षांपूर्वी 'देशाचं भवितव्य' म्हणणारे लोक आता 'फुगा फुटला' म्हणत होते. चूक मुलांची नव्हती. आपणही कधी कधी हुशार मुलाला एकदम वरच्या परीक्षेला बसवतो आणि मग निकाल आला की त्याच्याकडेच बघतो.

2016 मध्ये मुलांना परदेशी पाठवलं. कोंग फुओंग जपानच्या मितोला, तुआन आन्ह योकोहामा एफसीला, सुआन चुओंग दक्षिण कोरियाच्या इंचॉनला. खेळायला फार थोडं मिळालं, बराच वेळ राखीव बाकावर गेला. पुढे कोंग फुओंग बेल्जियमलाही जाऊन आला, तिथेही तेच. तुआन आन्हला गुडघ्याच्या दुखापतींनी छळलं.

मग जानेवारी 2018. चीनच्या चांगझोऊमध्ये 23 वर्षांखालील आशियाई स्पर्धा होती, आणि व्हिएतनामचे प्रशिक्षक होते कोरियाचे पार्क हांग-सो. त्यांना आणण्यात आणि त्यांचा पगार भागवण्यात बाऊ डुकचा मोठा वाटा होता. संघाचा कप्तान सुआन चुओंग. उपांत्य सामन्यात कतारविरुद्ध पेनल्टीवर निकाल लागायचा होता, आणि निर्णायक पेनल्टी मारली प्लेकूच्याच वान थान्हने. अंतिम सामना बर्फात झाला. यातल्या बहुतेक पोरांना बर्फात खेळायची सवय कुठली असणार? जादा वेळेच्या अगदी शेवटी उझबेकिस्तानने 2-1 ने हरवलं, तरी मायदेशी परतल्यावर हनोईचे रस्ते माणसांनी तुडुंब. त्याच वर्षी व्हिएतनामने दहा वर्षांनी आग्नेय आशियाचा करंडक जिंकला.

एक नाव मुद्दाम घेतो. मिन्ह व्हुओंग हा त्याच क्लबचा, पण त्या झगमगत्या अकादमी तुकडीतला नव्हे. क्लबच्या साध्या युवा संघातून तो वर आला. 2018 च्या आशियाई खेळांत दक्षिण कोरियाविरुद्ध उपांत्य सामन्यात व्हिएतनामचा एकमेव गोल त्याने फ्री किकवर केला. मोठी तुकडी पांगल्यावरही तो बराच काळ प्लेकूत राहिला. 'अ' तुकडी, 'ब' तुकडी पाडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

क्लबला स्वतःला मात्र काय मिळालं? 2021 मध्ये जुना कियातिसुक प्रशिक्षक होऊन परत आला. 12 सामन्यांत 29 गुण, क्लब अव्वल. आणि कोरोनामुळे हंगामच रद्द झाला. विजेता कुणालाच ठरवलं नाही. त्या वर्षीच्या आपल्या दहावीच्या मुलांना ही चुटपुट बरोबर कळेल. पुढच्या वर्षी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये खेळायला मिळालं, तिथे कोरियाच्या जॉनबुकशी 1-1 बरोबरी आणि सिडनीवर 1-0 विजय, एवढी शिदोरी घेऊन क्लब बाहेर पडला.

दरम्यान मालकाची कंपनी रबरात आणि कर्जात अडकली होती. ती सावरायला त्याने केळीच्या बागा आणि वराहपालन धरलं. आर्सेनलशी असलेला करार आधीच संपला होता. 2022 संपता संपता पहिली तुकडी फुटायला लागली. वान थान्ह हनोई पोलिसांच्या क्लबात गेला, आणि 2023 मध्ये तो क्लब विजेता झाला. वान तोआन आणि होंग झुई नाम दिन्हला पोचले, आणि 2023-24 मध्ये नाम दिन्ह विजेता. प्लेकूच्या शाळेतली मुलं व्ही-लीगचा करंडक उचलत होती, फक्त अंगावर दुसऱ्यांचे शर्ट होते. आपला याच्याशी एक छोटा संबंध आहे: सप्टेंबर 2022 मध्ये हो ची मिन्ह शहरात व्हिएतनामने भारताला 3-0 हरवलं, त्यातला एक गोल वान तोआनचा.

2004 नंतर प्लेकूत व्ही-लीगचा करंडक आलेला नाही. अलीकडे तर क्लब बहुतेक वेळा तळाकडेच असतो. पण 2003 पासून 2024-25 च्या हंगामापर्यंत तो एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही, आणि अजूनही तो मुख्यतः घरच्या, तरुण मुलांवरच चालतो.

वर्गात घ्यायचं असेल तर नववी-दहावीला असं करून बघा. फळ्यावर एका बाजूला लिहा: 2015, 14 पैकी 13 वा. दुसऱ्या बाजूला पहिल्या तुकडीतल्या मुलांची नावं आणि ती 2018 ला आणि 2024 ला कुठे होती ते. मग विचारा, या शाळेला किती मार्क द्याल? मी मुलांना पाच मिनिटं देऊन बसलो होतो, तास संपला तरी वाद मिटला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, त्या तुकडीत ज्यांची नावं तुम्ही लिहिलीच नाहीत, त्यांचं काय झालं ते आधी सांगा." तो तास पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यायचा आहे.